काचेवर उतरलेला हिमालय



वाण्याचे दुकान म्हणा, शाळेचा वर्ग म्हणा, कुठे ना कुठे हिमालयाचे चित्र असलेले कॅलेंडर आपण पाहिलेले असते. पांढरी शिखरे, खाली देवदाराची झाडी, मधून धावणारी नदी. आपल्यातले कितीतरी जण हिमालयात कधी गेलेले नसतात, तरी चित्र बघितले की चटकन म्हणतात, "हा हिमालय." म्हणजे हिमालय आपल्याकडे पायी आलेला नाही, तो चित्रातून आला. मग तो चित्रात कसा शिरला? कोणी आणला? आणि कोणाच्या पाठीवरून आला? आज मी त्याची हकीगत सांगणार आहे.

ही हकीगत आहे 1863 ते 1866 या चार वर्षांची. सॅम्युएल बोर्न नावाचा एक इंग्रज तरुण 1863 च्या आरंभी कलकत्त्याच्या बंदरात उतरला. 1834 सालचा त्याचा जन्म. नॉटिंगहॅम शहरातल्या एका पेढीत तो कारकुनी करी. छायाचित्रणाचा त्याला मोठा नाद. तो नाद इतका वाढला की पेढीची खुर्ची सोडून त्याने सरळ हिंदुस्थानची वाट धरली. त्या वेळी 1857 चा उठाव मोडून पाच-सहा वर्षेच झाली होती. इंग्रजांचा अंमल पक्का होत होता. साहेबलोक उन्हाळ्यात थंड हवेसाठी डोंगरात राहत होते. आणि 1864 पासून तर सिमला ही सरकारची उन्हाळी राजधानीच झाली. या मंडळींना आपण राहतो त्या मुलखाची चित्रे हवी होती, आणि विलायतेत घरी बसलेल्या त्यांच्या आप्तांनाही ती बघायची होती. धंदा चालणार हे बोर्नने ओळखले. सिमल्यात भागीदारीत त्याने दुकान घातले. त्यातूनच पुढे 'बोर्न अँड शेफर्ड' ही नावाजलेली पेढी उभी राहिली.

आता छायाचित्र म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे आजचा फोटो येईल. खिशातून यंत्र काढले, कळ दाबली, झाले! त्या काळी तसे नव्हते. त्या काळची रीत समजल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. शिक्षकबंधूंना ती वर्गात सांगण्याजोगीही आहे.

1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने 'ओल्या काचेची' कृती प्रसिद्ध केली. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात विरघळवायचा. त्याचा जो चिकट द्रव होतो त्याला कलोडियन म्हणतात. स्वच्छ घासलेल्या काचेवर तो ओतायचा आणि काच चारी बाजूंना कलती करून सारखा पसरायचा. घावनाचे पातळ पीठ तव्यावर ओतून तवा फिरवतात ना, तसे. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. आता काचेला उजेड समजू लागला. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उजेड दाखवायचा, आणि लगेच परत अंधारात नेऊन औषधाने चित्र उमटवायचे, पक्के करायचे, भरपूर पाण्याने धुवायचे. काच मध्येच वाळली की सगळी मेहनत फुकट. म्हणजे काम आटपायला हाताशी काही मिनिटेच असत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे छायाचित्रकाराला अंधारी खोली बरोबर न्यावी लागे. बोर्नने त्यासाठी तंबू केला होता. जिथे चित्र घ्यायचे तिथे तंबू उभा करायचा, आत औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडी मांडायची, मग कामाला लागायचे. दुसरी गोष्ट अशी की चित्र मोठे करून छापण्याची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. काच कागदावर दाबून उन्हात धरायची, काचेएवढेच चित्र निघे. मोठे चित्र हवे तर काच तेवढीच मोठी पाहिजे. बोर्नच्या मोठ्या काचा 12 इंच लांब आणि 10 इंच रुंद होत्या. अशा शेकडो काचा, त्यांच्या पेट्या, जड लाकडी कॅमेरा, तिकाटणे, औषधे, तंबू, शिवाय साहेबाचे अन्न, कपडे, बिछाना. आता सांगा, हे सगळे हिमालयात न्यायचे कसे?

ही विद्या साहेबांपुरतीच राहिली होती असे मात्र समजू नका. बोर्न येण्याच्या नऊ वर्षे आधी, 1854 साली, मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. 1855 साली एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्गही सुरू झाला. तेव्हा काच, औषधे आणि हातचे कसब आपल्याकडेही होते. हिमालय गाठायला त्याखेरीज पैसा, सरकारी पाठबळ आणि माणसांचा तांडा लागे. बोर्नपाशी या गोष्टी होत्या.

29 जुलै 1863 रोजी तो सिमल्याहून पहिल्या सफरीवर निघाला. बरोबर सुमारे तीस हमाल. वाट होती सतलज नदीच्या खोऱ्याची, हिंदुस्थान-तिबेट रस्त्याची. सिमल्यापासून सुमारे 160 मैलांवर चिनी नावाचे गाव आहे. आता त्याला कल्पा म्हणतात. तिथे तो राहिला, आणि पुढे स्पितीच्या उजाड मुलखापर्यंत जाऊन आला. 12 ऑक्टोबरला सिमल्यात परतला तेव्हा त्याच्यापाशी 147 काचा होत्या.

या एका वाटेवरच मुलूख किती पालटतो बघा. सिमल्याच्या बाजूला देवदाराचे दाट रान आणि पावसाळ्यातले धुके. सतलजच्या खोऱ्यात उभे कडे आणि तळाशी गढूळ, उसळते पाणी. स्पितीकडे वळले की झाड म्हणून दिसत नाही. आपल्याकडे महाबळेश्वराला पाऊस कोसळतो आणि सह्याद्रीच्या पूर्वेला माणदेशात आभाळ कोरडे राहते, हे आपण जाणतोच. तोच प्रकार तिथे फार मोठ्या प्रमाणावर आहे. हिमालयाच्या रांगा पाऊस अडवतात. त्यांच्या पलीकडे स्पितीत नुसते मातीचे, खडकांचे, नाना रंगांचे उघडे डोंगर.

पण डोळ्यांना दिसते ते सगळे काचेला दिसत नसे. ओल्या काचेला निळा उजेड फार लवकर समजे. हिरवा फार उशिरा. तांबडा जवळजवळ नाहीच. याचा परिणाम काय होई? निळे आभाळ चित्रात कोरे पांढरे. पांढरे शिखर त्या पांढऱ्या आभाळात विरून जाई. देवदाराचे रान दिसावे म्हणून काच जास्त वेळ उघडी ठेवली तर बर्फ करपून जाई. बर्फासाठी कमी वेळ ठेवली तर रान काळे ठिक्कर पडे. स्पितीच्या डोंगरांचे रंग तर सगळे करड्या छटेतच यायचे. म्हणजे एका डोंगरी मुलखाची जितकी रूपे, तितके छायाचित्रकारापुढचे पेच. प्रत्येक जागी उजेडाची वेळ बघायची, सावली कुठे पडते ते बघायचे, वारा थांबायची वाट बघायची. झाडाची फांदी हलली की चित्र पुसट व्हायचे.

दुसऱ्या सफरीला तो 17 मार्च 1864 रोजी लाहोरहून निघाला. कांगडा, धरमशाळा, डलहौसी, चंबा असे करीत, चिनाबच्या खोऱ्यातून काश्मिरात गेला, आणि नाताळच्या आदल्या दिवशी लखनौला पोचला. नऊ महिन्यांची ही सफर. या वेळी बेचाळीस हमाल होते. काश्मीर त्याला फार आवडले, आणि का आवडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. तो विलायतेतल्या चित्रांवर वाढलेला माणूस. तिथल्या चित्रकारांनी शिकवले होते की चित्रात पुढे पाणी असावे, बाजूला झाड झुकलेले असावे, एखादा जुना लाकडी पूल असावा, मागे डोंगर. काश्मिरात हे सगळे आयते होते. पण उंच हिमालयात तसे नव्हते. तिथली विशालता बघून तो दिपून जाई, आणि त्याच वेळी हे डोंगर चित्राजोगे नाहीत म्हणून आपल्या लेखांत तक्रारही करी. खरे म्हणजे त्यात डोंगरांचा काय दोष? डोंगर आपल्या जागी होते. त्याचा डोळा दुसऱ्या मुलखात घडलेला होता. आजही कॅलेंडरवर बर्फाच्या शिखरापुढे तळे आणि झाड दिसते ना, ती मांडणी त्या जुन्या शिकवणीतलीच आहे. हिमालय म्हणजे असाच, अशी आपली जी समजूत होते, तिला हा आधीपासूनचा साचा आहे.

तिसरी सफर सगळ्यांत अवघड. 3 जुलै 1866 रोजी तो सिमल्याहून निघाला. सुरुवातीला डॉ. प्लेफेअर नावाचा सोबती होता. कुलू, लाहौल, कुंझुम खिंड, स्पिती असा मार्ग. स्पितीत सोबती परतला, बोर्न पुढे गेला. मनिरंग नावाची खिंड त्या काळच्या मोजणीप्रमाणे 18,600 फूट उंच. तिथे हवा जवळजवळ निम्मी विरळ. चार पावले टाकली की माणूस धापा टाकतो. त्या हवेत ईथर भराभर उडून जाते, औषधे थंडीने सुस्त होतात, धुवायला पाणी हवे तर बर्फ वितळवावे लागते, बोटे काम देत नाहीत. अशा ठिकाणी त्याने तीन चित्रे घेतली. त्याहून उंचावर पुढे जवळजवळ वीस वर्षे कोणी छायाचित्र घेतले नाही असे मानले जाते. तिथून तो सतलजकडे उतरला, आणखी एक उंच खिंड ओलांडून गंगोत्रीच्या बाजूला गेला, आणि जिथे हिमनदीच्या पोटातून भागीरथी बाहेर पडते तिथपर्यंत पोचला. ज्या गोमुखाचे नाव आपल्या घराघरांत घेतले जाते, तिथले बर्फ त्याने काचेवर उतरवले.

माणूस चिकाटीचा होता, कसबी होता, यात शंका नाही. त्याच्या काचा बघितल्या की आजचे छायाचित्रकारही मान डोलावतात. पण मघाशी मी विचारलेला प्रश्न अजून बाकी आहे. हे सगळे कोणाच्या पाठीवरून गेले?

काचेच्या पेट्या खेचरावर घालून कड्यावरच्या वाटेने नेता येत नाहीत. झुलत्या पुलावरून, बर्फावरून, दरडीवरून त्या माणसाच्याच पाठीवर जायच्या. हे हमाल म्हणजे वाटेवरच्या खेड्यांतले शेतकरी. त्या डोंगरी मुलखात बिगारीची चाल होती. सरकारी परवाना असलेला साहेब आला की गावच्या मुखियाने माणसे पुरवायची. ती पुढच्या मुक्कामापर्यंत किंवा त्याहून लांब ओझे नेणार. मजुरी मिळाली तरी ती ठरवलेली आणि तुटपुंजी. आणि मुख्य गोष्ट अशी की नाही म्हणायची सोय नव्हती. वेठ हा शब्द आपल्यालाही नवा नाही. पेरणीच्या नाही तर मळणीच्या दिवसांत घरचे काम टाकून दुसऱ्याचे ओझे वाहणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

हे मी अंदाजाने बोलत नाही. बोर्नने आपल्या सफरींच्या हकिगती लंडनच्या छायाचित्रणाच्या नियतकालिकात लिहिल्या आहेत. हमाल ओझी टाकून पळून गेले, आपण त्यांना शोधून काढले, काठीचा प्रसाद दिला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. लिहिताना त्याला त्यात फारसे वावगे वाटले नाही. त्याच्या लेखी हे हमाल म्हणजे आळशी आणि त्रासदायक लोक. पण आपण त्यांच्या बाजूने विचार करून बघू. पायांत साधे जोडे, अंगावर एक लोकरीचे वस्त्र, आणि पाठीवर अशी पेटी की जिच्यातली एक काच फुटली तर आपली धडगत नाही. बर्फाच्या खिंडीत जायचे ते कशासाठी? एका साहेबाला डोंगराकडे बघायचे आहे म्हणून. असा माणूस रात्री घरची वाट धरणार नाही तर काय करील?

बोर्नच्या काचांच्या खालच्या कोपऱ्यात त्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. चित्र छापले की तेही छापून येते. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही चित्र कोणाचे ते आपण सांगू शकतो. हमालांची नावे मात्र ना काचेवर आहेत, ना लेखात. काही चित्रांत ते दिसतात. खडकावर बसलेले, बर्फात उभे असलेले, मुंगीएवढे. डोंगर किती मोठा आहे हे कळावे म्हणून त्यांना तिथे उभे केलेले असे. म्हणजे ओझेही त्यांनीच वाहिले आणि माप म्हणूनही तेच उभे राहिले.

पुढे या बिगारीचे काय झाले? ती आपोआप गेली नाही. बोर्न ज्या रस्त्याने चिनीला गेला त्याच रस्त्यावर कोटगड आहे. तिथे स्थायिक झालेले अमेरिकन गृहस्थ, पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून प्रसिद्ध झालेले, यांनी 1920-21 च्या सुमारास गावकऱ्यांबरोबर बिगारीविरुद्ध लढा दिला. आणि कुमाऊँत, 1921 च्या मकरसंक्रांतीला, बागेश्वरच्या जत्रेत हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे प्रभृती पुढारी होते. यापुढे बिगार करणार नाही अशी लोकांनी शपथ घेतली आणि बिगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत फेकून दिल्या. त्या वह्यांत गावोगावच्या बिगाऱ्यांची नावे होती. ज्यांची नावे छायाचित्रावर कधी आली नाहीत, त्यांची नावे वेठीच्या वहीत मात्र नेमाने लिहिली जात होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता उरलेली हकीगत. बोर्न 1870 साली कायमचा मायदेशी गेला, कापसाच्या धंद्यात पडला आणि 1912 साली वारला. त्याची पेढी इथेच राहिली. 1911 च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे तिने घेतली. 1991 साली तिच्या कलकत्त्याच्या इमारतीला आग लागून जुना ठेवा मोठ्या प्रमाणात जळाला, आणि 2016 साली ती पेढी बंद झाली. तरी बोर्नच्या काचांवरून छापलेली चित्रे जगातल्या अनेक संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.

त्या चित्रांना आज एक नवेच मोल आले आहे. गंगोत्रीची हिमनदी मागे हटते आहे. 1935 साली तिच्या मुखाची रीतसर मोजणी झाली. तेव्हापासून ते मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे. मग 1866 साली तिथे बर्फ कसे होते हे बघायचे तर अशी जुनी छायाचित्रे हाच डोळ्यांनी बघण्याचा पुरावा. बोर्न तिथे गेला तो सुंदर देखावा मिळवायला. पुढे कोणी या बर्फाचा हिशेब मागेल हे त्याच्या मनातही नव्हते. पण काचेने आपले काम चोख केले. तिच्यापुढे जे होते ते तिने ठेवून दिले, विकत घेणाऱ्याला हवे होते तेही आणि त्याला नको होते तेही.

मात्र काचेपुढे जे होते तेवढेच. काचेमागे कोण उभे होते, पेटी कोणी आणली, पाणी कोणी वितळवले, हे काच सांगत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागते.

शिक्षकबंधूंना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. पुस्तकात किंवा कॅलेंडरवर जुन्या डोंगराचे, किल्ल्याचे, देवळाचे छायाचित्र आले तर मुलांना दोन प्रश्न विचारा. यात काय दिसते? आणि हे इथवर आणायला कोण कोण लागले असेल? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुले फार छान देतात. आणि दरवर्षी शाळेचा जो फोटो निघतो, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहून ठेवा. ओळीत बसलेल्या गुरुजींची आणि मुलांची तर लिहाच. पण ज्याने बाके उचलून अंगणात आणली, आणि फोटो निघताना बाजूला सरकून उभा राहिला, त्या शिपाईदादाचेही नाव लिहा. पन्नास वर्षांनी तो फोटो कोणाच्या हाती पडला तर त्याला ते कळू द्या.